तुरुंगातील टोळ्या आणि सुटकेनंतरचे आयुष्य: गुन्हेकथेची पटकथा कोणत्या क्रमाने लिहावी

तुरुंग, टोळी आणि सुटका या तीन गोष्टींवर उभी राहणारी गुन्हेकथा लिहिण्याचे प्रयत्न मराठीत अलीकडे बरेच होतात आणि त्यांतील बहुतेक खर्डे त्याच त्या ठिकाणी अडखळतात. नायकाला सोमवारी अटक होते. शुक्रवारी तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यांत जेवणाच्या मोठ्या दालनात ताट घेऊन उभा असतो. तेथेच त्याला दोनपैकी एक टोळी निवडावी लागते. आणि बरोबर चौदा वर्षांनी त्याची सुटका होते. महाराष्ट्रातील कारागृहात यातले काहीही या पद्धतीने घडत नाही. ही चूक जितकी माहितीच्या अभावाची आहे, तितकीच क्रमाची आहे. लेखक आधी मारामारीचे प्रसंग रचतो आणि नंतर त्यांना कायदा चिकटवतो. खालील टप्पे उलट दिशेने जातात: आधी कागद, मग जागा, मग टोळी आणि त्यानंतर बाहेरचे जग. कथा महाराष्ट्रात घडते, पात्रे काल्पनिक आहेत आणि काळ साधारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

टप्पा १: लेखनापूर्वीची तयारी

पहिली तयारी म्हणजे परदेशी मालिकांचा साचा बाजूला ठेवणे. कॅलिफोर्नियातील 'मेक्सिकन माफिया' ही टोळी १९५७ मध्ये ड्युएल येथील सुधारगृहाच्या आतच जन्मली आणि तिथल्या टोळ्या प्रामुख्याने वंशाच्या रेषांवर विभागल्या गेल्या. मुंबई-पुण्याकडील टोळ्या मात्र चाळीत, गिरणगावात, जमिनीच्या व्यवहारात आणि स्थानिक राजकारणात तयार झाल्या आणि आपली भांडणे सोबत घेऊन आत गेल्या. हा एक फरक नीट समजला, तर कथेची अर्धी मांडणी आपोआप बदलते. आपल्याकडचा तरुण आत गेल्यावर टोळी निवडत नाही. त्याच्या मोहल्ल्याने, त्याच्या सहआरोपींनी आणि त्याच्या वकिलाची फी कोणी भरली या एका गोष्टीने ती निवड बहुधा आधीच केलेली असते.

दुसरी तयारी वाचनाची. महाराष्ट्र कारागृह नियमपुस्तिका, संचित व अभिवचन रजेचे १९५९ चे नियम, महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा १९९९ म्हणजेच मोक्का, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा कारागृहांवरील वार्षिक अहवाल एवढे वाचावेच लागते. मात्र पटकथाकाराला सर्वांत जास्त कच्चा माल मिळतो तो मुंबई उच्च न्यायालयाच्या जामीन आणि रजेच्या आदेशांत. ते संकेतस्थळावर खुले असतात आणि त्यांत तारखा, आजारी आई, हजर न झालेला साक्षीदार, नाकारलेली रजा अशा गोष्टी कोरड्या भाषेत ओळीने मांडलेल्या असतात.

तिसरी तयारी बसण्याची. सत्र न्यायालयाचे कामकाज खुले असते, त्यामुळे फौजदारी न्यायालयात मागच्या बाकावर काही दिवस बसता येते. तेथे आरोपींपेक्षा त्यांच्या नातेवाइकांकडे लक्ष द्यावे. दोन मिनिटे बोलता यावे म्हणून ते कोणत्या हवालदाराशी कसे बोलतात, डबा देण्याची परवानगी कशी मागतात आणि पुढची तारीख कोणाला विचारतात, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

इशारा: सुटून आलेल्या व्यक्तीची मुलाखत घेताना गुन्ह्यापासून सुरुवात करू नये. दिनक्रम, जेवण, भेटीचा दिवस येथून सुरुवात करावी. खटला किंवा अपील प्रलंबित असेल, तर घटनेविषयी विचारूच नये, कारण तुमची वही उद्या त्याच्या विरोधात वापरली जाऊ शकते. मानधन द्यायचे असल्यास ते बोलण्याआधी ठरवावे. नाहीतर माणूस तुम्हाला हवे तेच सांगू लागतो.

टप्पा २: खटल्याची दिनदर्शिका आखणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. एका मोठ्या कागदावर नायकाच्या प्रकरणाच्या तारखा लिहून काढाव्यात आणि एकही दृश्य त्याआधी लिहू नये.

१. घटनेची तारीख आधी ठरवावी. भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्या. त्याआधी घडलेला खून भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली जातो, त्यानंतरचा न्याय संहितेच्या कलम १०३ खाली. खटला २०२६ मध्ये चालत असला, तरी गुन्हा २०२२ चा असेल तर न्यायालयात '३०२' हाच आकडा ऐकू येईल. येथे चुकणाऱ्या लेखकाच्या बाकीच्या तपशिलावर जाणता वाचक विश्वास ठेवत नाही.

२. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तेथे पोलीस कोठडी मिळते किंवा न्यायालयीन कोठडी. न्यायालयाच्या आवारात यांना सर्रास 'पीसीआर' आणि 'एमसीआर' म्हणतात. पोलीस कोठडीत आरोपी ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो, कारागृहात नव्हे. सर्वसाधारण गुन्ह्यात ही कोठडी एकूण पंधरा दिवसांपर्यंत आणि मोक्का लागल्यास तीस दिवसांपर्यंत मिळू शकते. चौकशी, मारहाण, कबुलीसाठी दबाव ही दृश्ये या काळातली आहेत; कारागृहाचे कर्मचारी तपास करत नाहीत.

३. दोषारोपपत्राची मुदत लिहावी. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवस, इतर गुन्ह्यांत साठ दिवस. मुदतीत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मोक्कामध्ये न्यायालयाच्या परवानगीने ही मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढते. एकोणनव्वदाव्या दिवशी वकील, तपास अधिकारी आणि आरोपीचा भाऊ असे तिघेही न्यायालयाच्या दाराकडे डोळे लावून बसलेले असतात. एवढे नाट्य आयते मिळत असताना लेखक ते सोडून गोळीबार का लिहितात, हे कळत नाही.

४. मोक्का लावायचा असेल, तर तो 'लागला' एवढे म्हणून भागत नाही. आधीच्या दहा वर्षांत त्या टोळीविरुद्ध एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात, कायदा लावण्यास उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वसंमती लागते आणि अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येऊ शकतो. जामीन अत्यंत कठीण होतो. पहिल्यांदाच सापडलेला पोरगा मोठ्या टोळीच्या गुन्ह्यात 'सदस्य' म्हणून अडकतो आणि वर्षानुवर्षे आत राहतो, ही शोकांतिका या कलमांतूनच निर्माण होते.

५. शिक्षेचा हिशेब मांडावा. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा गैरसमज कथांमधून हद्दपार झालाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसे प्रकरणात जन्मठेप म्हणजे उर्वरित नैसर्गिक आयुष्य असे स्पष्ट केले आहे. चौदा वर्षांचा आकडा येतो तो वेगळ्या तरतुदीतून: खुनासारख्या, मृत्युदंडही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या बंद्याला किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय शासन माफी देऊन मुदतपूर्व सोडू शकत नाही. म्हणजे चौदा वर्षांनंतर विचार होऊ शकतो. सुटका होतेच असे नाही. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार प्रत्यक्ष कालावधी त्याहून बराच वाढू शकतो.

कच्च्या कैद्यासाठी, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्या आरोपीसाठी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेची तरतूद आहे. पण मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत अशा आरोपीला तिचा लाभ मिळत नाही. टोळीतला माणूस नेमका या दुसऱ्या अपवादात सापडतो. बाहेर असताना 'नावावर पडलेली' किरकोळ केस त्याला आत अशी महागात पडते.

तपासणी: पटकथेच्या कोणत्याही पानावर बोट ठेवून तीन प्रश्न विचारावेत. या दिवशी हा माणूस कोणाच्या ताब्यात आहे? कोणत्या आदेशाने? तो आदेश कधी संपतो? उत्तर लगेच देता आले नाही, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा ३: कारागृहाचा नकाशा आणि दिवसाचे वेळापत्रक

कारागृह कोणते, हे नावानिशी ठरवावे. नंतर पडद्यावर काल्पनिक नाव दिले तरी चालेल. मुंबईच्या आर्थर रोडमध्ये मुख्यतः खटला चालू असलेले कैदी असतात. येरवड्यात कच्चे आणि पक्के दोन्ही मोठ्या संख्येने असतात. नाशिक रोड, नागपूर आणि कोल्हापूरच्या कळंब्यात शिक्षा झालेल्यांचे आयुष्य वेगळ्या, संथ लयीत चालते. पैठणला खुले कारागृह आहे आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथील वसाहतीत निवडक बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. लांब शिक्षेच्या कथेत नायक या प्रवासातून जाऊ शकतो, पण त्याचा प्रत्येक मुक्काम त्याच्या वर्तनाच्या नोंदींवर अवलंबून असतो.

शब्दही ठरवून घ्यावेत. कागदोपत्री 'न्यायाधीन बंदी' आणि 'सिद्धदोष बंदी', बोलण्यात 'कच्चा' आणि 'पक्का'. भेटीला 'मुलाकात', मोजणीला 'गिनती', अतिसुरक्षित विभागाला 'अंडा सेल'. पोलीस आणि कारागृह कर्मचारी दोघेही खाकीत असले, तरी ती दोन स्वतंत्र खाती आहेत. शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी, अधीक्षक ही कारागृहाची उतरंड आहे. पात्राने अधीक्षकाला 'इन्स्पेक्टर साहेब' म्हटले, की दृश्य तेथेच पडते.

कपड्यांविषयी थोडक्यात: कच्चा कैदी स्वतःचे कपडे घालतो, शिक्षा झालेल्या पुरुषांना पांढरे कपडे आणि स्त्रियांना हिरवी साडी मिळते. पट्ट्यांचा गणवेश विसरावा.

वेळापत्रक मात्र सविस्तर लिहून भिंतीवर लावावे. पहाटे बराकी उघडतात, मोजणी होते, चहा-नाश्ता येतो, नळ आणि शौचालयासाठी रांग लागते, दुपारी पुन्हा काही काळ बंद, आणि संध्याकाळचे जेवण अंधार पडण्यापूर्वीच वाटून बराकींना कुलूप लागते. जेवण बराकीपाशी वाटले जाते आणि गटागटाने बसून खाल्ले जाते. म्हणजे रात्री नऊ वाजता दोन टोळ्यांचे लोक अंगणात समोरासमोर येऊ शकत नाहीत. रात्र ही एका कुलूपबंद बराकीच्या आतली, दिवे चालू असलेली, खोकल्याची आणि कुजबुजीची रात्र असते. या मर्यादेमुळे लेखन अवघड होते हे खरे, पण कथेला वेगळेपणही तीच देते.

इशारा: सगळी सत्ता अधिकाऱ्यांच्या हाती आहे असे दाखवू नये. शिक्षा भोगणाऱ्यांपैकी काहींना वॉर्डर म्हणून कामे दिली जातात आणि रोजचे वाटप, मोजणी, शिस्त यांत त्यांचा हात असतो. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून २०१७ मध्ये मंजुळा शेट्ये या अशाच बंदिवान वॉर्डरचा मृत्यू झाला. कर्मचाऱ्यांनी केलेल्या मारहाणीच्या त्या प्रकरणाची सुरुवात अंडी आणि पाव यांच्या हिशेबावरून झाल्याचे तक्रारीत नोंदले गेले. त्यानंतर कारागृहात दंगल झाली. आतले वाद कशावरून पेटतात, हे समजण्यासाठी एवढे एक प्रकरण नीट वाचले तरी पुष्कळ आहे.

टप्पा ४: टोळी उभी करणे

येथे बहुतेक लेखक सरदारापासून सुरुवात करतात. त्याऐवजी जागेपासून करावी. आर्थर रोडची अधिकृत क्षमता अनेक वर्षे ८०४ होती आणि प्रत्यक्षात तेथे त्याच्या तिप्पट-चौपट माणसे राहत होती. अशा बराकीत झोपायला मिळणारी हातभर फरशी, ती शौचालयाजवळची की खिडकीजवळची, कूस बदलता येईल इतकी की नाही, हीच पहिली संपत्ती ठरते. नव्या मुलाला पहिल्या रात्री कोणीतरी सरकून जागा देते, दुसऱ्या दिवशी साबण आणि चप्पल देते, आठवड्याने घरी निरोप पोहोचवते. त्यात धमकी कोठेच नसते. कर्ज असे सुरू होते.

टोळी कागदावर उतरवताना हा देण्याघेण्याचा हिशेब प्रत्येक सदस्यासाठी वेगळा लिहावा: वकिलाची फी कोण देतो, घरी महिन्याचा खर्च कोण पोहोचवतो, कँटीनसाठीची मनीऑर्डर कोणाच्या नावे येते, आणि त्या बदल्यात तो काय करतो. कोणी निरोप नेतो, कोणी झडतीच्या वेळी मोबाइल स्वतःजवळ ठेवतो, कोणी न केलेला गुन्हा अंगावर घेतो. आत रोख रक्कम बाळगता येत नाही, त्यामुळे तंबाखू, बिडी, कँटीनचे सामान आणि फोनवरची मिनिटे यांचे मोल वाढते. कळंबा कारागृहाच्या भिंतीवरून गांजा आणि मोबाइलची पुडकी आत फेकण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. अशा पुडक्याचा बाहेरून आतपर्यंतचा प्रवास दाखवला, तर त्यात शिपाई, उचलणारा, लपवणारा आणि पकडला जाणारा अशी चार-पाच पात्रे आपोआप उभी राहतात.

त्यानंतर विरोधी टोळीचा विचार करावा. प्रशासन परस्परविरोधी टोळ्यांना शक्यतो वेगळ्या बराकीत, वेगळ्या सर्कलमध्ये (कारागृहाच्या स्वतंत्र विभागात) किंवा वेगळ्या कारागृहात ठेवते. म्हणून दोन शत्रू एका जागी आले, तर ते कसे आले याचे उत्तर कथेत हवे: नवीन बदली, रुग्णालय, न्यायालयाची तारीख, की कोणीतरी मुद्दाम केलेली चूक. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सप्टेंबर १९९२ मध्ये गवळी टोळीतील शैलेश हळदणकरवर झालेला हल्ला रुग्णालयाच्या वॉर्डात झाला होता, कारागृहात नव्हे. न्यायालयाची तारीख हाही असाच सांधा आहे. गाडीत, लॉकअपमध्ये आणि व्हरांड्यात वेगवेगळ्या कारागृहांतले सहआरोपी भेटतात, निरोप बदलतात. दूरदृश्य प्रणालीवरच्या सुनावण्या वाढल्यापासून ही भेट कमी झाली आहे, आणि समकालीन कथेत त्या कमी झालेल्या भेटीमुळेही पेच निर्माण करता येतो.

हिंसेचे दृश्य लिहिताना शस्त्राचा हिशेब द्यावा. अबू सालेमवर २०१० मध्ये आर्थर रोडमध्ये हल्ला झाला तो धार लावलेल्या चमच्याने. २०१३ मध्ये तळोजा कारागृहात त्याच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा गोळीपेक्षा मोठा प्रश्न ठरला तो पिस्तूल आत आले कसे हा. तुमच्या कथेत पिस्तूल असेल, तर ते आत आणणाऱ्या माणसाची स्वतंत्र कथा लिहावी लागेल. ती लिहायची नसेल, तर पिस्तूल काढून टाकावे.

तपासणी: प्रत्येक मारामारीनंतर चार परिणाम तपासावेत. नवा गुन्हा नोंदला गेला का, मिळवलेली शिक्षेतील सूट कापली गेली का, मुलाकात बंद झाली का, दुसऱ्या कारागृहात बदली झाली का? एकही परिणाम नसेल, तर ते दृश्य केवळ शोभेसाठी ठेवले आहे असे समजावे.

टप्पा ५: रजेचा योग्य वापर

संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल यांची सरमिसळ हा खर्ड्यांमधला नित्याचा दोष आहे. संचित रजा ठरावीक काळ शिक्षा भोगलेल्या पात्र बंद्याला विशेष कारण न दाखवता मिळू शकते आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजेला आजार, मृत्यू, लग्न असे कारण लागते आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. जितके दिवस बाहेर, तितके दिवस शिक्षा पुढे सरकते. दोन्ही केवळ पक्क्या कैद्यांसाठी आहेत. कच्च्या कैद्याला वडिलांच्या अंत्यविधीला जायचे असेल, तर न्यायालयाकडून तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात नेण्याचा आदेश घ्यावा लागतो.

अर्जावर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो आणि जामीनदार नातेवाईक लागतो. पटकथेच्या दृष्टीने हे दोन कागद फार उपयोगी आहेत: फिर्यादीचे कुटुंब त्याच गल्लीत राहते म्हणून अहवाल प्रतिकूल जाणे, किंवा ज्या भावाला जामीनदार राहायचे आहे त्याच्या बायकोने नकार देणे. रजेवरून वेळेत न परतणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो आणि पुढच्या रजा जातात, हे नायकाला माहीत असते. तरीही तो न परतण्याचा निर्णय घेत असेल, तर त्यामागचे कारण तेवढेच भारी हवे.

टप्पा ६: सुटकेचा दिवस

सुटका कोणत्या मार्गाने होते, हे आधी ठरवावे, कारण दाराबाहेर पडणारा माणूस त्यावरून बदलतो. जामिनावर सुटलेला अजून आरोपी असतो; निर्दोष सुटलेला वर्षे गमावलेला असतो; शिक्षा पूर्ण करून सुटलेल्याच्या डोक्यावर न्यायालयाचे काही उरलेले नसते; मुदतपूर्व सुटलेल्यावर अटी असू शकतात. अरुण गवळीला २०१२ मध्ये नगरसेवकाच्या खुनाच्या प्रकरणात जन्मठेप झाली आणि सतरा वर्षांहून अधिक काळ आत काढल्यानंतर तो २०२५ मध्ये बाहेर आला तो अपील प्रलंबित असताना मिळालेल्या जामिनावर. बातमीत 'सुटका' हा एकच शब्द असतो. पटकथेत तो पुरत नाही.

मग कागदाचा प्रवास लिहावा. न्यायालयाने जामीन दिला म्हणजे माणूस घरी आला असे होत नाही. आदेशाची प्रत, जामीनदाराची कागदपत्रे, त्यांची पडताळणी, सुटकेचा आदेश आणि तो कारागृहात वेळेत पोहोचणे, इतक्या पायऱ्या असतात. आर्थर रोडबाहेर त्यासाठी जामीनपेटी असते आणि ती ठरावीक वेळांनाच उघडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्यन खानचा आदेश सायंकाळच्या वेळेत पेटीपर्यंत न पोहोचल्याने त्याची सुटका दुसऱ्या दिवसावर गेली. देशभर नाव असलेल्या कुटुंबाची ही स्थिती असेल, तर दहा हजारांचा सक्षम जामीनदार न मिळाल्याने आदेश हातात असूनही महिनोन्महिने आत राहणाऱ्या तुमच्या दुय्यम पात्राचे काय होत असेल, हे त्यावरून लिहावे.

इशारा: दुसऱ्या प्रकरणातले वॉरंट प्रलंबित असेल, तर कारागृह त्या माणसाला सोडत नाही. कधी दिंडी दरवाजाबाहेर पाऊल पडताच दुसऱ्या ठाण्याचे पथक उभे असते. कधी १९८१ च्या झोपडपट्टीदादा प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे एमपीडीएखाली, स्थानबद्धतेचा आदेश निघतो आणि तो वर्षभरापर्यंत टिकू शकतो.

सुटकेच्या मिरवणुकीचे दृश्य लिहायचे असल्यास फेब्रुवारी २०२१ मधील घटना अभ्यासावी. खुनाच्या खटल्यांत निर्दोष सुटल्यावर पुण्यातील टोळीप्रमुख गजानन मारणे तळोजातून बाहेर पडला आणि शेकडो गाड्यांच्या ताफ्याने द्रुतगती मार्गाने पुण्याकडे निघाला. त्याच ताफ्यामुळे नवे गुन्हे नोंदले गेले आणि पुढच्याच महिन्यात तो एमपीडीएखाली पुन्हा आत गेला. टोळीला ताकद दाखवायची असते आणि सुटलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. या दोन गरजांमधला ताण दृश्यात आला नाही, तर केवळ गाड्या मोजून काही साधत नाही.

टप्पा ७: सुटकेनंतरचे पहिले वर्ष

कथेचा उत्तरार्ध येथे सुरू होतो, आणि येथेच बहुतेक लेखक घाईला येतात: दोन दृश्यांत नोकरी मिळत नाही, तिसऱ्यात जुना मित्र येतो, चौथ्यात हातात शस्त्र. प्रत्यक्षात माणूस सावकाश बुडतो आणि तो कसा बुडतो हे सहज दाखवता येते. त्यासाठी पहिल्या वर्षाचीही स्वतंत्र दिनदर्शिका करावी.

पहिल्या काही दिवसांत शरीर लिहावे. ठरावीक वेळी मोजणीसाठी उभे राहण्याची सवय, दार स्वतः उघडावे लागते याचा विसर, रस्ता ओलांडताना येणारी भीती. हे दोन-तीन क्षणांत उरकावे. त्याचे काव्य करू नये.

त्यानंतर कागद लिहावेत. आधारवरचा मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो, म्हणून ओटीपी येत नाही; ओटीपी नाही म्हणून बँकेचे निष्क्रिय खाते चालू होत नाही; खाते नाही म्हणून पगार रोखीत देणारेच काम शोधावे लागते. शिधापत्रिकेवरचे नाव वहिनीने कमी केलेले असते, आणि ते पुन्हा घालण्याचा विषय घरात काढणे हेच एक दृश्य आहे. भाड्याच्या खोलीसाठी पोलीस पडताळणी आणि सुरक्षारक्षकापासून वाहनचालकापर्यंत अनेक कामांसाठी चारित्र्य पडताळणी मागतात. ज्या माणसाला कोणी 'गुन्हेगार' म्हणत नाही, त्याला हे अर्ज ती ओळख रोज करून देतात.

पैशाचा हिशेब आकड्यांत ठेवावा. २०२३ च्या दरवाढीनंतरही कारागृहातील कुशल बंद्याची रोजची मजुरी शंभर रुपयांच्या आत होती, त्यामुळे साठलेली रक्कम किती असेल याचा अंदाज लेखकाने स्वतः करावा. राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्यातून सुरू केलेल्या 'जिव्हाळा' योजनेत बंद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळण्याची सोय आहे. ते कर्ज वकिलाच्या फीला गेले की मुलीच्या शाळेला, हे पात्राबद्दल बरेच सांगून जाते. मदतीचे मार्गही दाखवावेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत बंदी आणि सुटलेल्यांसोबत काम करतो, महिला व बालविकास विभागाचे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी असतात. अशी पात्रे कथेत जवळजवळ कधीच दिसत नाहीत, आणि दिसली तर ती साधुसंत असतात. एका थकलेल्या, चाळीस प्रकरणे हाताळणाऱ्या सामाजिक कार्यकर्तीचे एक खरे दृश्य कथेला मोठा आधार देते.

मग पोलीस. जामिनाच्या अटीनुसार ठरावीक दिवशी ठाण्यात हजेरी. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या आधी चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठी नोटीस. आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली आधी नोटीस येते, म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि मग दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर राहण्याचा आदेश निघू शकतो. लेखक तडीपारीला केवळ दमदाटीचा शब्द समजतात, पण नुकतीच गॅरेजमध्ये नोकरी लागलेल्या, आई डायलिसिसवर असलेल्या माणसाला हा आदेश मिळाला तर काय होते, ते पाहावे. तो परजिल्ह्यात जातो, तेथे त्याला ओळखणारे कोणीच नसते, आणि खोली देणारा जो एकमेव माणूस सापडतो तो टोळीचा असतो. तडीपारी मोडून तो आईला भेटायला आला, तर नवा गुन्हा. खलनायकाशिवाय एवढी गुंतागुंत उभी राहते.

टोळीचे पुनरागमनही असेच सौम्य ठेवावे. चौथ्या टप्प्यात लिहिलेला हिशेब आता बाहेर काढावा: वकिलाची फी, घरचा खर्च, आत दिलेली जागा. मागणी करणारा माणूस बहुधा आवाज चढवत नाही. तो मुलाच्या बारशाला पाकीट देतो. धोका शत्रूकडूनच येतो असेही धरून चालू नये. येरवड्यातील अतिसुरक्षित विभागात जून २०१२ मध्ये झालेल्या दहशतवादाच्या आरोपाखालील बंदी कतील सिद्दीकीच्या खुनाच्या खटल्यातून गुंड शरद मोहोळ २०१९ मध्ये निर्दोष सुटला आणि ५ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात कोथरूडच्या सुतारदऱ्यात त्याचा खून झाला; पोलिसांनी पकडलेल्यांत त्याच्यासोबत वावरणारी माणसे होती.

तपासणी: उत्तरार्धातील प्रत्येक निर्णयापाशी नायकापुढे त्या दिवशी खरोखर किती पर्याय होते ते लिहावे. पर्याय एकच असेल, तर तो नायक राहत नाही, फक्त बळी होतो. पाच असतील, तर त्याचे टोळीकडे परतणे पटत नाही. दोन वाईट पर्यायांमधली निवड असेल, तेथे दृश्य थांबवून सावकाश लिहावे.

टप्पा ८: भाषा, नावे आणि शेवटचे वाचन

संवादात मुंबईचा माणूस, मुळशीचा माणूस आणि विदर्भातून बदलून आलेला शिपाई एकसारखे बोलू नयेत. शिव्या कमी कराव्यात, कारण आतली अधिक घाबरवणारी भाषा पुष्कळदा आदराची असते. 'भाऊ', 'दादा', 'मामा' या संबोधनांतूनच कोण कोणाच्या वर आहे ते कळते. ज्येष्ठ कैद्याला नवखा 'अरे-तुरे' करत असेल, तर त्यामागे प्रसंग हवा.

वास्तव टोळ्यांची नावे थोडी फिरवून वापरू नयेत. अशी पात्रे ओळखू येतात, आणि खटला प्रलंबित असल्यास अब्रुनुकसानीपासून न्यायालयीन स्थगितीपर्यंत अडचणी येतात. तीन-चार प्रकरणांतील तपशील मिसळून नवीन माणूस घडवावा, त्याचा तालुका बदलावा, त्याचा धंदाही बदलावा. पीडिताच्या घराचे वर्णन कधीही प्रत्यक्षावरून घेऊ नये.

शेवटच्या वाचनासाठी फौजदारी वकिलाकडे पूर्ण पटकथा न देता दुसऱ्या टप्प्यातली दिनदर्शिका आणि सुटकेची दृश्ये द्यावीत, त्यांचे मानधन आधी ठरवावे आणि शेरे लेखी घ्यावेत. दुसरे वाचन निवृत्त कारागृह अधिकाऱ्याचे असावे, पण ते प्रशासनाची बाजू सावरतील हे धरून चालावे. तिसरे वाचन, शक्य असेल तर, अशा स्त्रीचे असावे जिने कोणासाठी तरी मुलाकातीच्या रांगेत उन्हात उभे राहून दिवस काढले आहेत. पहिले दोघे तारखा आणि हुद्दे दुरुस्त करतील. डब्यातले काय आत जाऊ देतात, जाळीपलीकडून कोण आधी बोलतो आणि वीस मिनिटांत घरातली कोणती बातमी मुद्दाम सांगायची नसते, या चुका फक्त तिलाच दिसतील.